आधी चेंडू पलीकडे

आमच्या गावातल्या सार्वजनिक बागेत टेनिसची चार कोर्टं आहेत. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत असतात तशीच: जागोजागी तडे गेलेली, वाऱ्याला अडवायला काही नसलेली आणि फुकट. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा वाचून दाखवला आणि नुसतं फिरणं पुरे नाही, एखादा खेळ खेळा, असं बजावलं. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. कॉलेजात असताना बॅडमिंटन बऱ्यापैकी खेळलो होतो. रॅकेट ती रॅकेट, जाळी ती जाळी, असा विचार करून टेनिसची रॅकेट घेतली आणि बागेतल्या भिंतीवर चेंडू बडवायला लागलो.

तिथे मला मास्तर भेटले. हे नाव आमच्या घरातलं. ते एक निवृत्त अमेरिकन शाळामास्तर, वय बहात्तर, एका गुडघ्याला कायम पट्टा. भिंतीशी माझं चाललेलं युद्ध थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, "खेळायचं का?" अट एकच. हरेल त्याने पुढच्या शनिवारी चेंडूंचा नवा डबा आणायचा. म्हटलं, बिचारे म्हातारे, त्यांनाच भुर्दंड पडायचा. त्यानंतर सव्वा वर्ष दर शनिवारी डबा मी आणत होतो.

मला राग हरण्याचा नव्हता, हरण्याच्या तऱ्हेचा होता. ते जोरात मारत नसत. त्यांची सर्व्हिस अशी यायची, की घरच्या अंगणात लहान मुलाला चेंडू द्यावा. प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता हा फटका ठोकतो, आणि मी खरोखरच ठोकत असे. कधी जाळीत, कधी मागच्या कुंपणावर. मध्येच एखादा असा बसायचा की शेजारच्या कोर्टावरचे लोक "वा" म्हणायचे, आणि त्या एका "वा"वर मी पुढचे सहा गुण घालवत असे.

शेवटी माझ्या शाळकरी लेकीने निकाल लावला. एका शनिवारी ती गणिताची वही घेऊन बाकावर बसली आणि पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं "मास्तरांनी जिंकलेले", दुसऱ्यावर "बाबांनी दिलेले". घरी येताना गाडीत तिने वही पुढे केली. पहिल्या रकान्यात मोजक्या रेघा होत्या. दुसरा भरून पानाच्या पाठीमागे गेला होता. "बाबा, ते जिंकत नाहीयेत. तुम्ही देताय," ती म्हणाली.

या वर्षी आपल्या मंडळाच्या टेनिस स्पर्धेत कोर्टाबाहेर बसून सामने पाहताना तो दुसरा रकाना सारखा डोळ्यांपुढे येत होता. आपण मंडळी मन लावून शिकतो, महागड्या रॅकेटी घेतो, मुलांना प्रशिक्षकाकडे घालतो. पण फोरहँड कसा मारायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, कुठला फटका कधी मारायचा हे सांगणारा क्वचित भेटतो. संपादकांनी चार शब्द लिहायला सांगितले, म्हणून हे धाडस. मी खेळाडू म्हणून सामान्य आहे, हे आधीच कबूल करतो. पण हा लेख सामान्यांसाठीच आहे.

लेकीच्या वहीत जे दिसलं ते एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी मोजून ठेवलं आहे. सायमन रॅमो हे अमेरिकेच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातलं मोठं नाव. टीआरडब्ल्यू कंपनीच्या नावातला 'आर' तो त्यांचा. टेनिसचा त्यांना नाद होता. १९७० च्या दशकात त्यांनी सामान्य खेळाडूंसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की टेनिस हा एक खेळ नसून दोन खेळ आहेत. नियम तेच, कोर्ट तेच, कपडेही तेच. पण तज्ज्ञांच्या खेळात शंभरातले सुमारे ऐंशी गुण कुणीतरी जिंकतो, आणि तुमच्याआमच्या खेळात सुमारे ऐंशी गुण कुणीतरी गमावतो. चार्ल्स एलिस यांनी १९७५ साली हीच गोष्ट शेअरबाजाला लावून एक गाजलेला लेख लिहिला. आपल्यातले जे लोक निवृत्तिनिधीचे पैसे मुकाट्याने इंडेक्स फंडात टाकून स्वस्थ बसतात, ते नकळत रॅमोंचं टेनिस खेळत असतात. गंमत अशी, की तेच लोक कोर्टावर आले की सट्टा खेळतात.

घोटाळा होतो तो टीव्हीमुळे. आपण विम्बल्डन पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाचे फटके दुसऱ्या खेळात मारायला जातो. बरं, त्या पहिल्या खेळातही सगळं वाटतं तसं नसतं. रॉजर फेडररने २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. त्यात त्याने सांगितलं, की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के आपण जिंकले, पण गुण जिंकले ते फक्त ५४ टक्के. फेडररसुद्धा जवळजवळ दर दुसरा गुण हरत होता! म्हणजे एखादा गुण गेला म्हणून पुढच्या फटक्यात त्याची भरपाई करायला धावू नये. मी नेमकं तेच करत असे.

आता कोर्टाकडे वळू. आपल्यात इंजिनियर पुष्कळ, तेव्हा थोडी भूमिती चालेल. कोर्टाची लांबी ७८ फूट, एकेरीसाठी रुंदी २७ फूट. जाळी खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते, पण मधोमध पट्टा आवळून ती ३ फुटांवर आणलेली असते. म्हणजे तिरपा, कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेला चेंडू जाळीच्या सखल भागावरून जातो. शिवाय कर्ण भुजेपेक्षा मोठा. ७८ आणि २७ यांचा कर्ण येतो साधारण साडेब्याऐंशी फूट. कडेच्या रेषेला समांतर मारलात तर जाळी सहा इंचांपर्यंत उंच आणि जागा साडेचार फूट कमी. चुकायला वाव कुठे जास्त, हे वेगळं सांगायला नको.

याहून महत्त्वाचं कारण नववीच्या पुस्तकात आहे: आपतन कोन आणि परावर्तन कोन. समोरच्याने तुमच्या फोरहँडच्या कोपऱ्यात तिरपा चेंडू टाकला. तो तुमच्या उजवीकडे धावत येतो आहे. आल्या वाटेनेच परत पाठवायचा, तर रॅकेट सरळ त्याच्या तोंडावर धरायची, बस. पण तुम्हाला तो समांतर मारायचा मोह झाला आणि रॅकेट नाकासमोर सरळ धरलीत, तर चेंडू मूळची उजवीकडची ओढ सोडत नाही. तो आणखी उजवीकडे सरकतो आणि रेषेबाहेर पडतो. दिशा बदलण्यासाठी मनगट आणि वेळ दोन्ही अचूक साधावं लागतं. व्यावसायिक खेळाडूंना ते जमतं. मला दहातून तीनदा जमायचं, आणि लक्षात ते तीनच राहायचे.

तिसरं कारण पायांचं. मला ते समजायला फार वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगतो. आपण उजव्या कोपऱ्यात आहोत. तिथून तिरपा फटका मारला, तर समोरच्याचे उलट येऊ शकणारे सगळे चेंडू एका पंख्यासारख्या जागेत येतात, आणि त्या पंख्याचा मध्य आपल्याच बाजूला, बेसलाइनवरच्या मधल्या खुणेच्या थोडा उजवीकडे असतो. दोन-चार पावलांत आपण तयार. पण समांतर मारला, तर पंख्याचा मध्य खुणेच्या पलीकडे डावीकडे सरकतो. तिथवर पळत जाईतो चेंडू आलेलाच असतो. समांतर फटका जिथे पडतो तिथून पुढचं पळणं सुरू होतं, आणि ते आपलं. पंचेचाळिशीनंतर ही किंमत परवडत नाही. मास्तर बहात्तराव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून मला पळवत होते, यात जादू काही नव्हती. ते तिरपे मारत होते आणि मी समांतर.

म्हणून सगळ्यात पहिला नियम: काही सुचत नसेल तेव्हा तिरपा, आणि उंच. उंच म्हणजे किती? जाळीवर तशीच दुसरी जाळी उभी आहे असं समजा आणि तिच्या वरच्या कडेवरून चेंडू काढा. बेसलाइनवरून जाळीला चाटून मारलेला मध्यम वेगाचा फटका पलीकडे सर्व्हिसच्या रेषेच्या आसपासच पडतो, आणि समोरच्याला पुढे येऊन मारायचं आमंत्रण मिळतं. तोच चेंडू उंचावरून गेला, की आपोआप खोल पडतो, त्याला मागे रेटतो, आणि आपल्याला जागेवर परतायला वेळ मिळतो. शिवाय जाळीत गेलेला चेंडू मेलेलाच. बाहेर चाललेला चेंडू समोरचा कित्येकदा घाईने मारून जिवंत करतो.

नेम कुठे धरायचा? रेषेवर मुळीच नाही. रॅकेटची लांबी २७ इंच. दोन रॅकेटी, म्हणजे साडेचार फूट, रेषेच्या आत नेम धरा. दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फूट वजा केले तरी मध्ये अठरा फूट उरतात. आपल्या दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सोळा फुटांचं असतं, आणि त्यातून आपण रोज फोनवर बोलत गाडी आत घेतो.

मग जोरदार फटका कधीच मारायचा नाही का? मारायचा, पण ऐपत पाहून. मी स्वतःसाठी मध्यमवर्गीय घराचा हिशोब बसवला आहे. बेसलाइनच्या मागे ढकलला गेलो आहे, तोल गेलेला आहे, चेंडू कसाबसा हाताला लागतो आहे: ही कर्जाची वेळ. तेव्हा फक्त देणं फेडायचं. उंच लॉब, जमेल तितका खोल, आणि परत जागेवर. बेसलाइनपाशी नीट उभा आहे, चेंडू कमरेच्या उंचीवर येतो आहे: हा घरखर्च. तिरपा, उंच, खोल, आणि कितीही वेळा तोच, कंटाळा न करता. आणि समोरच्याचा चेंडू आखूड पडला, मी सर्व्हिसच्या रेषेजवळ येऊन तोल सांभाळून उभा आहे, तेव्हा हाताशी चार पैसे शिल्लक आहेत. मग चैन करायला हरकत नाही. दिशा बदला, समांतर मारा, जाळीपाशी जा. माझा दुसरा रकाना भरायचा तो कर्ज असताना चैन केल्यामुळे.

लॉबबद्दल आपल्या लोकांच्या मनात एक अढी आहे. लॉब म्हणजे भित्र्याचा फटका, असं बॅडमिंटन खेळलेल्यांना तर हमखास वाटतं, कारण तिथे उचललेलं फूल म्हणजे स्मॅशला निमंत्रण. (बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीत आकाराला आले, त्यामुळे ही सवय आपल्या रक्तातच आहे असं म्हणावं लागेल.) पण टेनिसचा चेंडू एक टप्पा खाऊ शकतो आणि वाऱ्यावर भरकटतो. डोक्यावरून आलेला लॉब स्मॅश करणं ही सामान्य खेळाडूची सगळ्यात दुबळी बाजू असते. शनिवारी सकाळी सूर्य त्याच्या डोळ्यांसमोर असेल तर विचारूच नका. मास्तर हे घड्याळ बघून करत, असा मला दाट संशय आहे.

हा फटका भित्र्याचा नाही याचा पुरावा ५ जुलै १९७५ चा आहे. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात आर्थर अ‍ॅश आणि जिमी कॉनर्स समोरासमोर होते. कॉनर्स बावीस वर्षांचा, गतविजेता, अग्रमानांकित. अ‍ॅश बत्तिशीला टेकलेला, आणि आधीच्या तिन्ही लढती कॉनर्सकडून हरलेला. अ‍ॅश मूळचा जोरदार खेळाडू. पण कॉनर्सला जोर हवाच असे. समोरच्याचाच वेग वापरून तो चेंडू दुप्पट जोराने परत करायचा. त्या दिवशी अ‍ॅशने त्याला वेगच दिला नाही. त्याच्या फोरहँडवर मऊ, खाली राहणारे चेंडू टाकले. तो पुढे आला की वरून लॉब काढले. डावखुऱ्या कॉनर्सचा बॅकहँड दोन हातांचा, म्हणून पोच कमी, हे हेरून सर्व्हिस वळवून दूर बाहेर नेली. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा कॉनर्सने ७-५ असा घेतला. अशा वेळी माझ्यासारख्याने घाबरून जुना धडाका सुरू केला असता. अ‍ॅशने बेत सोडला नाही आणि चौथा सेट ६-४ असा जिंकला. विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कृष्णन पितापुत्रांचं घ्या. रमेश कृष्णनच्या सर्व्हिसची थट्टा व्हायची, इतकी ती मऊ होती. पण त्याच रमेशने १९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा मॅट्स विलँडर सरळ तीन सेटमध्ये गारद केला. वडील रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत गेले, तेही असल्याच नजाकतीच्या खेळावर. आणि जाता जाता एक मराठी धागा: सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिसच खेळत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात ते याच रामनाथन कृष्णनांकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा टेनिसचा हिशोब घरातच पुरा झाला.

समोरच्याचं दुबळं अंग शोधायला सराव-फटक्यांची पाच मिनिटं पुरतात. तेव्हा आपण आपलेच फटके कौतुकाने पाहत असतो. त्याऐवजी त्याच्या बॅकहँडवर खांद्याइतका उंच उडणारा एक चेंडू द्या आणि तो काय करतो ते पाहा. आपल्या पातळीवर बहुतेकांना तो चेंडू आवडत नाही. मग सामनाभर तोच द्यायचा. यात अखिलाडूपणा काही नाही.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. पहिली सर्व्हिस पूर्ण ताकदीने हवेत आणि दुसरी घाबरत घाबरत, ही आपली रीत बदला. पहिलीच पाऊण ताकदीने, बॅकहँडकडे किंवा सरळ अंगावर टाका. दुहेरी चूक म्हणजे समोरच्याला न हलता मिळालेला गुण.

दुहेरीचा विषय निघाला की आमच्या घरात अजून थोडी शांतता पसरते. सौ.बरोबर पहिल्यांदा मिश्र दुहेरी खेळलो तेव्हा चेंडू सारखे आमच्या दोघांच्या मधून जात होते. मी म्हणायचो "घे", ती म्हणायची "तुम्ही घ्या", आणि चेंडू मधून निघून जायचा. पंगतीतला आग्रह कोर्टावर नडतो. तेव्हा सामन्याआधीच ठरवा: मधला चेंडू ज्याच्या फोरहँडला येतो त्याने घ्यायचा, ओरडून. आणि आपणही समोरच्या जोडीच्या मधोमध मारत जा. तिथे जाळी ३ फूट, बाजूच्या रेषा लांब, आणि समोरच्या नवरा-बायकोतही हाच संवाद चालू असण्याची शक्यता बरीच.

हे सगळं कळायला एक संध्याकाळ पुरली, अंगवळणी पडायला वर्ष गेलं. सर्वांत अवघड होतं ते एकाच गुणात आठ-दहा वेळा तोच तिरपा फटका मारत राहणं. मधला सहावा-सातवा चेंडू आला की हात शिवशिवतो. कसोटीत सलामीला गेलेल्या फलंदाजाने ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू तासभर सोडून दिले की आपण माना डोलवतो, आणि स्वतःच्या हाती बॅट आली की दुसऱ्याच चेंडूला हात घालतो. लेकीची वही आता मीच ठेवतो. घरी आल्यावर आठवून रेघा मारतो. मास्तरांचा रकाना हल्ली वाढला आहे, कारण त्यांना आता गुण जिंकून घ्यावे लागतात.

गेल्या शनिवारी पहिला सेट मी घेतला. दोन वर्षांतला पहिला. दुसऱ्यात ४-४ असताना त्यांनी एक लॉब काढला. सूर्य डोळ्यांत. जुना मी असतो तर उडी मारून स्मॅश केला असता. मागे धावलो, टप्पा पडू दिला, आणि त्याहून उंच लॉब परत केला. ते वर बघत राहिले, मग हसले. "उशीर केलास," म्हणाले. तो गुण माझा, पण सेट त्यांनी घेतला आणि तिसराही.

डब्याची मला चिंता नाही. पहिल्याच वर्षी घाऊक आणलेल्या खोक्यातले अजून सहा डबे गाडीच्या डिकीत आहेत.